चिकटपट्टीचा निःपक्षपात

बर्फावर चालणारी आमची जुनी गाडी, म्हणजे स्नोमोबिल, यंदा तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या गाडीमागे बांधून घरी आणली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता नवी घ्या. आणि या वेळी तरी रंग बघून घेऊ नका."

जुनीचा रंग मी सांगणार नाही. बर्फातल्या माणसांना कंपनीचं नाव लागतच नाही, रंग पुरतो. पिवळा म्हणजे स्की-डू, हिरवा म्हणजे आर्क्टिक कॅट, निळा म्हणजे यामाहा. एकदा रंग कळला की तुमची अख्खी कुंडली कळली, असं समजतात.

म्हणून ठरवलं, निःपक्षपाती राहायचं. तक्ता आखला, गुण ठरवले, आणि मग मित्रांना विचारायची चूक केली. पिवळ्यावाल्याने 1959 सालापासूनची परंपरा ऐकवली. हिरव्यावाला आणि चौथ्या कंपनीचा, म्हणजे पोलारिसवाला, तर एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नाहीत. निळ्यावाला मात्र शांत होता. यामाहाने 1968 मध्ये सुरू केलेलं हे काम 2025च्या मॉडेलनंतर थांबवायचं जाहीर केल्यापासून त्याचं प्रेम विरहाच्या पातळीवर गेलं आहे, आणि तिथे वाद चालत नाही.

हिरव्यावाल्याचं आणि पोलारिसवाल्याचं वैर मिटवावं म्हणून इतिहास चाळला, तर ती चक्क भाऊबंदकी निघाली. मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिस उभी करणाऱ्यांत एडगर हेटीन आणि त्याचा भाऊ ॲलन होते. 1960 मध्ये एडगर बाहेर पडला आणि थीफ रिव्हर फॉल्सला त्याने जे दुकान मांडलं, त्याचीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. मूळपुरुष एकच! मी हे दोघांनाही सांगितलं. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: मी थापा मारतोय.

मग शोरूममध्ये सगळ्या नावांवर कागदी चिकटपट्टी लावली आणि डोळे मिटून एकेका सीटवर बसलो. बुडाला पूर्वग्रह नसतो, असा माझा सिद्धांत होता. विक्रेता लांब उभा राहून बघत होता. चौथ्या सीटवर मला डुलकी लागली. तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

खरा घोळ पट्ट्याचा, म्हणजे चाकांऐवजी खाली फिरतो त्या रबरी पट्ट्याचा. खोल भुसभुशीत बर्फावर तरंगायला 165 इंची पट्टा आणि त्यावर 3 इंच उंच दाते उत्तम. पण दाबून घट्ट केलेल्या वाटेवर तेच धूड वळवताना घाम फुटतो. तिथे 129 किंवा 137 इंच बास. मी आयुष्यभर दाबलेल्या वाटेवरूनच फिरलो आहे, डोंगर पाहिला तो कॅलेंडरवर. तरी तासभर 165 पाशी घुटमळलो. टू-स्ट्रोक इंजिनाचा रिव्हर्स मात्र मनापासून आवडला: बटण दाबलं की इंजिन थांबतं की काय असं वाटतं, आणि तेवढ्यात ते उलटं फिरायला लागतं. घरातल्या वादात माझंही असंच होतं.

शेवटी बेरीज केली. जिंकली ती नेमकी आमच्या जुन्या रंगाची. बायकोने तक्ता मागितला.

"अंगठा गरम ठेवायची सोय, 5 गुण. इंजिन, 10. आणि हे 'एकूण प्रसन्नता' काय आहे, 40 गुणांचं?"

"ते जरा तांत्रिक आहे."

"कुठल्या रंगाचं?"

हिवाळ्याआधीच्या आगाऊ नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. अर्ज उघडला. पहिलाच रकाना होता: रंग. बायकोने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.