सहा गुण आले म्हणून श्वास थांबायचा राहत नाही

"आठ प्रश्न, दोन मिनिटं. दहाच्या आत गुण आले तर स्लीप अ‍ॅप्निया नाही. जितके गुण जास्त, तितका आजार मोठा. मशीन लावून झोपायची टेस्ट ही निव्वळ लूट. घोरणं म्हणजे गाढ झोप." स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा आजार. हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, दादाने प्रश्न सोडवले, सहा गुण आले आणि त्याने ठरलेली टेस्ट रद्द केली. दादा रात्री साताऱ्याहून वाशी मार्केटला टेम्पो नेतो. म्हणून लिहितेय.

"दहाच्या आत म्हणजे आजार नाही." सगळ्यात घातक वाक्य हेच. हे प्रश्न एपवर्थ स्केलचे, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेले. टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीनमध्ये सांगायचं. म्हणजे मोजली जाते ती दिवसाची पेंग, तीही आपल्याच सांगण्यावरून. झोपेत श्वास थांबतो का, हा प्रश्न त्यात नाहीच! अ‍ॅप्निया असलेल्या कितीतरी जणांना दिवसा पेंग जाणवतही नाही. आणि ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर डोळा लागतो का, याला ज्याचं पोट स्टेअरिंगवर चालतं तो काय उत्तर देणार? दादाने शून्य लिहिलं.

वहिनीने रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढलाय. घोरणं चढत जातं आणि एकदम शांतता. पोट हलतंय, पण श्वासाचा आवाज नाही. घड्याळाची टिकटिक मी मोजली, बावीस. मग घशातून मोठा आचका, आणि परत घोरणं. श्वास दहा सेकंद थांबला तरी डॉक्टर तो धरतात.

"जितके गुण, तितका आजार." साफ चूक. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, त्यावर तीव्रता ठरते: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. हे झोपेतच मोजावं लागतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की झोपेची तपासणी न करता नुसत्या प्रश्नावलीवरून प्रौढांचं निदान करू नये.

"लूट." टेस्टला पैसे लागतात, मान्य. प्रश्नावल्या अगदीच टाकाऊ नाहीत, हेही मान्य. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाची २००८ ची स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची प्रश्नावली शस्त्रक्रियेआधी धोक्यातले पेशंट हेरायला उपयोगी पडते. ती श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, हेही विचारते. तिथे दादाचे घोरणं, श्वास थांबणं, बीपी, पन्नाशीपुढचं वय आणि पुरुष असणं मिळून आठपैकी पाच होतात. पाच म्हणजे जास्त धोका. अशा माणसाने टेस्ट करायची असते, रद्द नाही.

घोरणं म्हणजे गाढ झोप? घशातली वाट अरुंद झाली की आवाज येतो, बस्स.

व्हिडिओ दादाला दोनदा दाखवला. गुरुवारची तारीख पुन्हा घेतलीय. तोवर रात्रीची फेरी पुतण्या करतोय.