शेणाचा खड्डा बुजवा, १०८ लावा

एक मेसेज सध्या मराठवाड्यात भावकीच्या ग्रुपपासून बचत गटापर्यंत सगळीकडे फिरतोय. मथळा असा: ‘बंद, संचारबंदी आणि विजांचा पाऊस: घराघरात वाचून दाखवा.’ आंदोलन पेटलं की रस्ते बंद होतात, परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, दोन्ही एकदम आलं तर घरातल्यांनी काय करायचं, याच्या दहा-बारा सूचना त्यात आहेत. खाली ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले’ अशी मोहोर. कोणते शास्त्रज्ञ, ते अर्थातच नाही.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. हा माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तो पाळायला घेतला. मावशी मानवत तालुक्यात, आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरातच राहते. फोन केला तर म्हणाली, “गोठ्यामागं खड्डा काढून ठेवलाय. शेण बी टाकलंय. वेळ काय सांगून येती का, बाई?” कशाला, तर वीज पडलेल्या माणसाला गळ्यापर्यंत पुरायला!

तेव्हा आधी तो खड्डाच.

मेसेज म्हणतो: ‘वीज पडलेल्याला तासभर हात लावू नये, अंगात करंट असतो. ताज्या शेणात गळ्यापर्यंत ठेवल्यास शेण वीज शोषून घेते. बंदमध्ये दवाखाना मिळत नाही, म्हणून हाच उपाय.’ तीन वाक्यं, आणि तिन्ही मिळून जगू शकणारा माणूस घालवायची चोख व्यवस्था.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या विजेबद्दलच्या सूचना कुणालाही वाचता येतात. त्यांत सरळ लिहिलंय की वीज पडलेल्याच्या अंगात विद्युतभार राहत नाही, त्याला हात लावला तर धक्का बसत नाही, लगेच प्रथमोपचार द्या. वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगातून जमिनीत गेलेली असते. माणूस म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी नव्हे चार्ज होऊन बसायला. शेणाने शोषावं असं आत काही उरलेलंच नसतं.

मग माणूस जातो कशाने? धक्क्याने हृदय थांबतं, श्वासही थांबतो. हृदय बऱ्याचदा आपलं आपण पुन्हा सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र सावरायला जास्त वेळ घेतं. त्या मधल्या मिनिटांत श्वास मिळाला नाही, तर सुरू झालेलं हृदय प्राणवायूवाचून दुसऱ्यांदा थांबतं. सगळा खेळ त्या मिनिटांचा. म्हणून एकाच वेळी चौघांवर वीज पडली तर डॉक्टर नेहमीचा क्रम उलटा लावतात: विव्हळणारा नंतर, निपचित पडलेला आधी. विव्हळतोय म्हणजे श्वास चालू आहे, तो बहुतेक वाचणार. ज्याच्यावर आपण ‘गेला गं माय’ म्हणून धोतर पांघरतो, त्यालाच पहिल्यांदा हाताची गरज असते.

आणि हा मेसेज सांगतो, तासभर लांब उभे राहा आणि मग त्याच्या छातीवर शेणाचा भार घाला! जी छाती दाबायची, तीच पुरून टाकायची. भाजलेल्या कातडीला शेण लागलं म्हणजे धनुर्वाताला आवतण, ते वेगळंच.

करायचं ते एवढंच. हाक मारून, हलवून बघा. उत्तर नाही आणि श्वास नाही, तर टणक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपरं ताठ ठेवून दाबा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. तोंडाने श्वास देणं शिकलेलं कुणी असेल, तर दर ३० दाबांनंतर दोन श्वास. तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. एकाचे हात थकले की दुसऱ्याने बसायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

राहिलं ‘बंदमध्ये दवाखाना मिळत नाही’. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी होती. (आंदोलन बरोबर की चूक, हा वाद इथे घालायचा नाही, त्यासाठी पारावर जागा आहे.) अशा दिवसांत गाडी यायला उशीर होणार, हे धरून चालावं. पण संचारबंदीच्या आदेशात दवाखाने, रुग्णवाहिका, औषधं यांना सूट असते. आणि रास्ता रोकोत रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की घोषणा देणारी पोरंच टायर बाजूला ओढून वाट करून देतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उशीर होणार असेल तर घरातल्या दोघांना तरी छाती दाबता आली पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. फोनच लावायचा नाही, असा होत नाही.

‘इंटरनेट बंद केलं की १०८ लागत नाही’ हेही त्याच पोत्यातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर इथे बंद ठेवलं होतं ते इंटरनेट. १०८ आणि ११२ साधे कॉल आहेत, त्यांना डेटा लागत नाही. अडतं ते ‘दामिनी’. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे अ‍ॅप जवळपास वीज पडत असल्याचा इशारा देतं, आणि त्याला इंटरनेट लागतं. त्या दिवशी कानावर भागवायचं. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस भरायच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

आता पायाळूचं, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याचं. ‘घरात पायाळू असेल तर विजा चमकताना त्याला वेगळं बसवावे, वीज पायाळूकडे ओढली जाते.’ वाचून मी आधी हसले. मग आठवलं, मावशीचा नातू पायाळू आहे. विचारलं तर खरंच, आभाळ गडगडलं की त्याला गोठ्यात धाडतात! पत्र्याखाली, उघड्या दारात, म्हशीच्या साखळीशेजारी. एरवी पाठीत उसण भरली की याच पोराचा पाय लावून घ्यायला अर्धं गाव येतं, आणि पावसात त्याला घरात जागा नाही.

ढगातून निघालेली वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरते. जमिनीच्या जवळ आली की झाड, खांब, मोकळ्या रानात उभा माणूस, अशा उंच गोष्टींतून वर ठिणग्या निघतात आणि त्यांतल्या एकीशी तिची गाठ पडते. कोण डोक्याकडून जन्मलं नि कोण पायाकडून, हे तिला सुईणीने सांगितलेलं नसतं. पोराला घरात घ्या, सगळ्यांबरोबर, खिडकी, नळ आणि वायरींपासून लांब बसवा.

‘शेतात असाल तर ट्रॅक्टरवर बसून राहा, टायर रबरी असतात.’ मैलोन् मैल हवा फोडून आलेल्या विजेला चार बोटं रबराचं काय? बंद मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नव्हे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते म्हणून. ट्रॅक्टर चारी बाजूंनी उघडा, मोटारसायकल तर विचारूच नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात देशभरात विजेने २,८८७ माणसं गेलेली दिसतात. आपल्याकडे परतीच्या पावसात नेमकी सोयाबीनची काढणी असते. सर आली की काढणीची अख्खी टोळी लिंबाखाली नाहीतर एका ताडपत्रीखाली दाटीने उभी राहते. झाडावर पडलेली वीज बुंध्याशेजारच्या माणसावर उडी घेते, आणि जमिनीतून पसरते ती सगळ्यांच्या पायांतून. गाव गाठणं शक्यच नसेल तर झाड सोडा, एकमेकांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, मान खाली घाला. आडवं झोपायचं नाही. आखाडा पत्र्याचा आणि उघडा असेल तर तो आडोसा पावसापुरता.

‘मोबाईल वीज ओढतो, बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवा.’ ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरू नये, एवढं खरं, कारण तिथे वायर असते. टीव्हीची आणि डिशची पिनही काढावी, पण आभाळ भरून येतानाच. कडकडाट सुरू झाल्यावर बोर्डाला हात लावायला जाऊ नये.

‘आठ दिवसांचं पाणी भरून ठेवा.’ हे मराठवाड्याला शिकवायचं? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ड्रम आम्ही बंद असो नसो, भरलेलेच ठेवतो. झाकून ठेवा तेवढं, डेंग्यूचा डास त्याच पाण्यात होतो.

‘पंप बंद होतील, कॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवा.’ पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते. बंदमध्ये अग्निशमनचा बंबही वेळेवर येणार नाही, हे मेसेजवाल्याला सुचलेलं दिसत नाही.

शेवटची सूचना साधी दिसते, पण घर बुडवणारी आहे: ‘वीज पडून कुणी गेल्यास पोलिसांत वर्दी देऊ नये, मागे झेंगट लागते, बंदमध्ये पंचनामा होत नाही.’ वीज पडून माणूस गेला तर वारसांना ४ लाख रुपयांची सरकारी मदत मिळते. ती मिळते पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर. वर्दी न देता मातीआड केलं की ना अहवाल, ना मदत. बैल-म्हैस दगावली तरी मदत आहे, पण तिथेही पुरायच्या आधी पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला हवा. बंद असेल तर आधी तलाठ्याला फोन करा, तो उचलत नसेल तर १०७७ वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कळवा, आणि जनावर हलवायच्या आत जागेवरचे फोटो काढून ठेवा.