तत्त्वाचे तीन पेन्स

उद्या तुमच्या हाती साम्राज्य आलंच, तर लोक बंड करतील म्हणून झोप उडवून घेऊ नका. बंड इतक्या सहजी होत नाही, त्यासाठी खपावं लागतं. लंडनच्या पार्लमेंटने अमेरिकेत ते कसं जमवलं, बघा.

१७६३ साली फ्रान्सवर विजय मिळाला, तेव्हा अमेरिकेतले इंग्रज वसाहतवाले राजाचा जयजयकारच करत होते. लढाईच्या कर्जाचा डोंगर मात्र लंडनच्या डोक्यावर. म्हणून १७६५ चा स्टॅम्प कायदा. कर कोणावर लावावा, हे शिकावं तर इथेच. वर्तमानपत्रावर कर, वकिलाच्या कागदावर कर, पत्त्यांच्या कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा. म्हणजे ज्याला लिहिता येतं, ज्याला भांडता येतं आणि जो संध्याकाळी गुत्त्यात बसून या दोघांचं ऐकतो, तिघेही एका फटक्यात दुखावले. ‘सभागृहात आमचा प्रतिनिधी कुठाय?’ असं कोणी विचारलं तर सांगायचं, आहे की, फक्त तो तुम्ही निवडलेला नाही.

कर मागे घ्यावाच लागला तर १७६६ सारखा घ्या. एका हाताने रद्द करा आणि दुसऱ्या हाताने नवा कायदा करा, की तुमच्यावर वाटेल ते कायदे करायचा हक्क आमचाच. पैसा गेला तरी चालेल, मिजास जाता कामा नये. मग नव्याने लावलेला काच, कागद, रंग, शिसं, सगळ्यांवरचा कर १७७० मध्ये उठवला. चहावरचा पौंडामागे तीन पेन्स तेवढा ठेवला. तत्त्व म्हणून.

१७७३ साली तर चहा चक्क स्वस्त केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या (हो, तीच आपली) वखारींत न खपलेला माल पडून होता. स्वस्त चहा दिसला की लोक तत्त्व विसरतील, असा हिशेब. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. आरडाओरडा करणाऱ्यांत चोरट्या चहावर गब्बर झालेले होते, स्वातंत्र्याच्या गप्पा मारत घरी गुलाम राबवणारेही होते. पण गुलामांचा विषय तुम्ही काढू नका, ते तुमच्याच जहाजांतून गेलेत.

अशा वेळी गुन्हेगार शोधत बसायचं नाही, अख्खं बंदर बंद करायचं. मग आजवर बोस्टनवाल्यांना आगाऊ म्हणणाऱ्या वसाहतीही त्यांना तांदूळ धाडू लागतात.

यातून पेटलेलं युद्ध हरलात तरी काळजी नसावी. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिससाहेबांचं सैन्य शरण गेलं. साहेबांनी आजाराचं कारण सांगून तलवार द्यायला हाताखालच्याला पाठवलं. पाच वर्षांनी त्यांनाच गव्हर्नर जनरल करून कलकत्त्याला धाडण्यात आलं. तिथे प्रतिनिधी मागणारं तूर्त कोणी नव्हतं.