चपटं डोकं, हेल्मेट आणि घाबरवणारा फॉरवर्ड

‘बाळाचं डोकं एका बाजूने चपटं आहे? सहा महिन्यांच्या आत हेल्मेट बसवा, नाहीतर मेंदू दबेल आणि डोकं जन्मभर वाकडं राहील. तोवर बाळाला पोटावर झोपवा, डोक्याखाली खळग्याची उशी द्या.’ हा फॉरवर्ड नणंदेकडून माझ्या धाकट्या बहिणीकडे आला. (हेल्मेट म्हणजे कवटीला आकार यावा म्हणून बाळाच्या डोक्यावर बसवायची कडक टोपी.) तेव्हापासून ती लेकाच्या डोक्याचे वरून फोटो काढून मला पाठवतेय. म्हणून हे लिहितेय.

मेंदू दबतो? नाही. बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. एका बाजूला दाब आला की कवटी दुसरीकडे वाढते. आकार बदलतो, आतली जागा घटत नाही.

आता सगळ्यात संतापजनक भाग. पोटावर झोपवा! बाळं उताणी झोपवायला लागल्यापासून चपटी डोकी जास्त दिसू लागली, हे खरंच आहे. पण तो सल्ला का आला? पोटावर झोपलेल्या तान्ह्या बाळांचा झोपेतच अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो म्हणून. १९९०च्या दशकात अमेरिकेत उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यावर असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोकं गोल व्हावं म्हणून हा धोका पत्करायचा? पोटावर ठेवायचं ते बाळ जागं असताना, आपली नजर त्याच्यावर असताना. आणि ती उशी तर नकोच. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, त्यांनी गुदमरण्याचा धोका आहे, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२मध्ये बजावलंय.

राहिलं हेल्मेट. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मध्यम ते बऱ्यापैकी चपटं डोकं असलेली पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले: एका गटाला सहा महिने, दिवसाचे २३ तास हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर मोजमाप केलं तर डोकं पूर्ण सुधारलेली मुलं हेल्मेटवाल्यांत २६ टक्के, बिनहेल्मेटवाल्यांत २३. हेल्मेटवाल्या सगळ्याच पालकांनी काही ना काही त्रास सांगितला: त्वचेची जळजळ, घाम, वास. बाळाला नीट कुशीत घेता येत नाही, हीसुद्धा तक्रार होती.

याच आकड्यांवरून हेही मान्य करावं लागतं की ‘आपोआप गोल होतं’ हे आजीछाप आश्वासन अर्धंच खरं. सुधारतं बहुतेकांचं, अगदी गोल सगळ्यांचं होत नाही. शिवाय अतिशय वाकडी डोकी या अभ्यासात नव्हतीच. तिथे, कूस आणि मानेची दिशा बदलून फरक पडला नाही तर, डॉक्टर हेल्मेट सुचवतात आणि ते लवकर सुरू केलेलं बरं. ‘सहा महिने’ हा आकडा बहुधा इथूनच उचललाय.

जे खरंच तपासायला हवं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. मान एकाच बाजूला वळते का? तसं असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, त्याला फिजिओथेरपी लागते. कवटीचा सांधा वेळेआधी जुळलाय का? तो जुळला असेल तर बाळाला शल्यचिकित्सकाने पाहायला हवं, आणि तेही लवकर.

आणि हेल्मेटचा गुण दाखवणारे ते ‘आधी-नंतर’चे फोटो! आधीचा टकलाचा, वरून काढलेला. नंतरचा भरपूर केसांचा, समोरून.