‘आयटीआय म्हणजे दोन वर्षं वाया’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो. आयटीआय नापास मुलांसाठी असतं, तिथं गेलं की पुढचं शिक्षण संपलं, कारखान्यांत आता रोबो आलेत, नोकरी मिळालीच तर दहा-बारा हजारांची कंत्राटी, आणि तालुक्यातालुक्यात आयटीआय काढून गावांना काडीचाही फायदा झाला नाही. शेवटी पालकांना सल्ला: कर्ज काढा, पण पोराला इंजिनिअर करा. हा मेसेज वाचून खरोखर निर्णय घेणारी घरं आहेत, म्हणून त्यातला एकेक दावा बघू.

‘नापासांसाठी असतं.’ राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. तिथले प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादी लावून होतात. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतंच, आणि शहरातल्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची जागा हवी असेल तर टक्केही चांगले लागतात. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना मात्र आठवी पास चालतं. म्हणजे दहावीत अडकलेल्या मुलालाही हातात कसब घेऊन बाहेर पडता येतं. बाकी सगळ्यांनी दार लावलेल्या मुलाला जी संस्था आत घेते, तिला त्यावरूनच हिणवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

‘पुढचं शिक्षण संपलं.’ साफ चूक. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमाचं गणित या मुलांना जड जातं. त्यासाठी शिकवणी लावा, पण वाटच नाही असं सांगू नका.

‘रोबो आलेत.’ आलेत, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत वेल्डिंग लाइनवर ते दिसतातही. पण सुटा भाग जागेवर धरून ठेवणारं फिक्स्चर बसवणं, वेल्डिंगची झिजलेली टिप बदलणं, सेन्सर बिघडून लाइन थांबली की ती पुन्हा सुरू करणं, ही कामं माणसंच करतात, आणि बहुतेक वेळा ती माणसं आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली असतात. खरी अडचण दुसरीकडे आहे. कित्येक संस्थांत जुन्याच लेथवर दोन वर्षं काढलेला मुलगा कंपनीत संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रासमोर बावरतो. त्याला यंत्र मिळालं नाही, आणि शिल्प निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांची, पदं रिकामी राहिल्यानं काही ठिकाणी शिकवायला माणूसही मिळाला नाही. केंद्रानं २००७ मध्ये देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आणली. २०२५ मध्ये एक हजार आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर झाली. यंत्रं या पैशातून येतील. निदेशक नेमण्याचं काम राज्याचं आहे आणि त्याबद्दल सरकारला धारेवर धरायलाच हवं. मुलांना मिळणाऱ्या विद्यावेतनाचंही तसंच. महिन्याला ४० रुपये वर्षानुवर्षं तसेच राहिले, २०२३ मध्ये कुठे ५०० झाले. संस्थेला असं उपाशी ठेवायचं आणि मग ती अशक्त आहे म्हणून मुलांना तिच्यापासून पळवायचं, यात नुकसान मुलांचंच आहे.

‘दहा-बारा हजारांची कंत्राटी नोकरी.’ या दाव्यात तथ्य आहे, म्हणूनच तो सगळ्यात जास्त पटतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे, तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार (अ‍ॅप्रेंटिस) घ्यावेच लागतात. त्याच नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये ठरवले होते. वर्ष संपलं की प्रमाणपत्र मिळतं. काही कंपन्या या मुलांना शिकवण्याऐवजी थेट उत्पादनाला जुंपतात, वर्ष संपलं की नवी बॅच आणतात, आणि जुन्या मुलांना ठेकेदाराच्या यादीत टाकतात. हा अन्याय आहे.

पण मुलाच्या हातातलं आयटीआयचं प्रमाणपत्र बघा. त्याच्याच जोरावर रेल्वेत असिस्टंट लोको पायलटचा अर्ज भरता येतो. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय लागतं. माझगाव डॉकमध्ये जहाजं बांधणाऱ्यांत फिटर आणि वेल्डर आहेतच. तेच शिक्षण एका गेटवर सन्मानाची नोकरी देतं आणि दुसऱ्या गेटवर राबवून घेतं, तर दोष ठेकेदारीचा आहे. ती मोडण्यासाठी संघटना हवी, कामगार खात्याची तपासणी हवी. ज्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढायला सांगतात, तिथून निघालेली मुलंही त्याच चाकणमध्ये ट्रेनी म्हणून उभी असतात. सरकारच्याच श्रमबल पाहणीत पदवीधरांमधली बेरोजगारी कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसते. डोक्यावर कर्ज असेल तर मिळेल त्या पगारावर मान डोलवावी लागते, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नसतं.

‘गावांना काडीचा फायदा नाही.’ साखर कारखान्याचा पट्टा घ्या. गळीत हंगाम संपला की ऊस पिळणारी मिल खोलतात. रोलरच्या झिजलेल्या खाचा लेथवर पुन्हा पाडायच्या, बेअरिंग बसवायची, पाइपलाइन आणि बॉयलरची दुरुस्ती करायची. हंगामात मिल फिरत असताना रोलरवर आर्किंग करून, म्हणजे वेल्डिंगनं पृष्ठभाग खरबरीत करून, उसावरची पकड टिकवायची, ते वेल्डरचं काम. हे काम वेळेत आणि नीट झालं नाही तर पुढच्या हंगामात मिल बंद पडते, तोडलेला ऊस गाडीतच वाळतो आणि शेतकऱ्याच्या वजनात घट येते. त्या टर्नर-वेल्डरला त्याच भागातल्या आयटीआयनं शिकवलेलं असतं. जिथं कारखाना नाही, तिथं मोटर रिवाइंडिंग, ट्रॅक्टरची दुरुस्ती, फ्रिज-एसीचं काम आणि आता सौर पंप. शेतात पॅनल बसवून कंपनीचा माणूस निघून जातो. कंट्रोलर बंद पडला की जवळचा इलेक्ट्रिशियनच धावतो.

शिकलेली मुलं गाव सोडून पुण्याला जातात ही तक्रार खरी आहे. तिचं एक कारण असं की आसपास काय पिकतं आणि काय चालतं हे न बघता कित्येक संस्थांत वर्षानुवर्षं तेच चार ट्रेड चालू राहतात. आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष उद्योगातला असतो तो यासाठीच. त्या समितीत तालुक्यातल्या कारखानदारानं, वर्कशॉपवाल्यानं बसून कोणता ट्रेड हवा हे सांगितलं पाहिजे. पिंपरी-चिंचवडची वाढ फक्त स्वस्त जमिनीवर झाली नाही. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा (म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सचा) पुण्यातला कारखाना उभारताना सुरुवातीपासून प्रशिक्षणाला जागा दिली. हातात कसब असलेली माणसं तयार झाली, त्यातल्या काहींनी पुढे स्वतःची वर्कशॉपं काढली, आणि त्या वर्कशॉपांनी आणखी कामं ओढून आणली.

प्रवेशासाठी संस्था आणि ट्रेडची पसंती देणारा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी पालकांनी मुलाला घेऊन त्या आयटीआयमध्ये जावं. हव्या त्या ट्रेडला निदेशक कायम आहे का, चालू स्थितीतली यंत्रं किती, गेल्या बॅचची मुलं अ‍ॅप्रेंटिसशिपला कुठे लागली, हे तोंडावर विचारावं. वर्कशॉपमध्ये डोकावून बघावं आणि तिथल्या मुलांशी बोलावं. उत्तरं समाधानकारक नसतील तर शेजारच्या तालुक्यातली संस्था बघावी. प्रवेशाच्या फेऱ्या एकापाठोपाठ लागतात, त्यामुळे पहिल्या यादीत नाव नसलं तरी घाबरून कर्जाच्या फॉर्मवर सही करू नये.