‘आजी घरीच बाळंत झाली’ हा पुरावा नव्हे

‘आपल्या आज्या घरीच बाळंत होत आणि आठ-आठ मुले वाढवत, गरोदरपणातील साखरेची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, नवजात बाळासाठी काचेची पेटी हे सारे पैसे उकळण्याचे धंदे आहेत,’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवरून मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्यातील एकेक दावा तपासून पाहू.

आठ मुलांच्या गोष्टीत वाढलेली मुलेच मोजली जातात, पाचवी पुजण्याआधीच गेलेली नाहीत. १९७१ मध्येही भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता.

‘त्रास नसताना तपासणी कशाला?’ हा दुसरा मुद्दा. १४०/९० च्या वर गेलेला रक्तदाब अनेकदा दुखत नाही की खुपत नाही, आणि अंगावर सूज दिसली तरी ‘गरोदरपणात पाय सुजायचेच’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात. पुढे झटके आले की आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. साखरेचेही तसेच आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी घेतलेल्या रक्तात साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली, की ती वाढल्याचे कळते. शिवाय उशिराचे वय, स्थूलपणा, उपचारांनी राहिलेली जुळी, आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतलेली वार ही आजच्या गर्भारपणातली वाढती जोखीम आजीच्या अनुभवात फारशी नव्हतीच.

सिझेरियन वाढल्याची तक्रार मात्र रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण म्हणून रक्तदाब मोजणे निरर्थक ठरत नाही.

‘गडचिरोलीत बाळे घरीच वाचवली’ हा दाखला तर अर्धवट आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या बाळाचे वजन करीत, मिनिटभर श्वास मोजीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे काम घरात झाले, पण ते शास्त्रानेच झाले. त्यात शेगडीची धुरी नव्हती आणि मध चाटवणेही नव्हते. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला लकवा होऊ शकतो. ऊब द्यायचीच, तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, असे आता रुग्णालयेही सांगतात.

मजकुरातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक वाटतो: कमी दिवसांच्या बाळाला सव्वा महिना उंबरठ्याबाहेर नेऊ नये. अशा बाळांच्या डोळ्यांतील पडद्याच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात आणि प्राणवायूचे प्रमाण नीट न राखल्यास त्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते. पूर्वी अशी बाळे जगतच नसत, म्हणून हे अंधत्वही फारसे दिसत नसे. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावे लागतात, कारण वेळेत लेझर केले तर दृष्टी वाचण्याची चांगली शक्यता असते. आणि सव्वा महिना पाळायचा म्हटले की नेमकी तीच मुदत हुकते.