इंडेक्समध्ये नाव सापडलं म्हणजे लग्न सापडलं असं नाही

इंग्लंडमधल्या पूर्वजांचं लग्न शोधताना बहुतेक जण फ्रीबीएमडीवर (जन्म, लग्न, मृत्यूंच्या सरकारी सूचीची मोफत वेबसाइट) नाव टाकतात, जुळणारी पहिली ओळ उचलतात आणि वंशावळीत चिकटवतात. ती चूक पुढे दुसरे उतरवून घेतात आणि मग 'सगळीकडे असंच दिलंय' हाच पुरावा ठरतो. मुळात हा इंडेक्स नकलेची नक्कल आहे. पाद्री दर तिमाहीला नोंदवहीची नक्कल पाठवायचे, त्यावरून सरकारी सूची बनली, आणि ती वाचून स्वयंसेवकांनी टाइप केली.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. १९८३ अखेरपर्यंतची सूची तिमाहीवार आहे. 'जून' म्हणजे एप्रिल, मे, जून. घरच्यांना लग्न एप्रिलमधलं ठाऊक असतं, सूचीत जून दिसतो आणि बरोबर नोंद हातची जाते.

१९१२ पासून जोडीदाराचं आडनाव शेजारीच दिलेलं आहे. तरी दोघांच्या नोंदी स्वतंत्र शोधा. नोंदणीचा जिल्हा, खंड (नोंदी बांधलेल्या ग्रंथाचा क्रमांक), पान तिन्ही जुळलं पाहिजे. खरी कसरत त्याआधीच्या काळात. पान क्रमांकावर क्लिक केलं की त्या पानावरची सगळी नावं येतात, १८५२ नंतर साधारण चार: दोन नवरे, दोन नवऱ्या. कोण कोणाची, ते कळत नाही. समजा त्यात मेरी आणि एलिझा आहेत, आणि १८८१ च्या जनगणनेत तुमच्या माणसाची बायको एलिझा आहे. बरं, पण इंग्लंडात एलिझा काय कमी होत्या? दुसऱ्या नवऱ्याच्या घरी मेरी सापडली, तर जोडी बरीचशी पक्की.

खंडही तपासा. १८५२ ते १९४६ या काळात लंडनमधल्या केन्झिंग्टन जिल्ह्याचा खंड १ए, सेंट पँक्रसचा १बी. केन्झिंग्टनपुढे १बी दिसलं तर कुणीतरी चुकीचं वाचलंय. हस्तलिखित सूचीत कॅपिटल टी आणि एफ, एल आणि एस यांची गल्लत नेहमीची. पुनर्विवाह असेल तर वधू बहुधा आधीच्या नवऱ्याच्या आडनावाखाली मिळते, माहेरच्या नाही.

जीआरओच्या (इंग्लंड-वेल्सचं मुख्य नोंदणी कार्यालय) स्वतःच्या ऑनलाइन सूचीत लग्नं नाहीतच, फक्त जन्म-मृत्यू. पण त्यांच्याकडून दाखला मागवताना फ्रीबीएमडीवरचा संदर्भ (जिल्हा, खंड, पान) चालतो. स्थानिक नोंदणी कार्यालयात मात्र तो निरुपयोगी, त्यांच्या वह्यांचे क्रमांक वेगळे. लग्न चर्चमधलं असेल तर पैसे भरण्याआधी मूळ नोंदवहीचे फोटो ऑनलाइन आहेत का बघा. लंडनच्या बऱ्याच चर्चचे अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर आहेत. वयाच्या रकान्यात 'फुल एज' म्हणजे २१ किंवा कितीही जास्त. आईचं नाव शोधत बसू नका, ते मे २०२१ पासून आलं.

आपल्या लोकांच्या नोंदींत वडिलांचं नाव मधे येतं आणि बऱ्याच वर्षांच्या सूचीत त्याचं नुसतं आद्याक्षर उरतं. कधी तेच आडनाव होऊन बसतं. तेव्हा वडिलांच्या नावानेही शोधा. आणि घरात सांगितलेली लग्नतिथी सूचीशी जुळेलच असं नाही. नुसते सप्तपदीचे विधी सूचीत येत नाहीत, येतं ते कायदेशीर नोंदणीचं लग्न, आणि ते काही महिने आधी झालेलं असू शकतं. लग्न भारतात लावून मग जोडपं तिकडे गेलं असेल, तर या सूचीत कितीही शोधा, मिळणार नाही.